बाळंतपणाला माहेरीच

सात वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी आमच्या लिंबोणीवर औषध मारलं. रोप माझ्या कमरेला लागलं होतं आणि चार-पाच दिवसांत त्याच्या शेंड्याची सगळी कोवळी पानं कुणीतरी मधल्या शिरा तेवढ्या ठेवून फस्त केली होती. वाकून पाहिलं तर पानांवर पक्ष्यांची शीट पडल्यासारखे तपकिरी-पांढरे डाग दिसले. त्यातला एक डाग पुढे सरकला. अळ्या होत्या. मी नऊ मोजल्या. खताच्या दुकानातून आणलेली बाटली घरात होतीच. टोपणभर औषध पाण्यात घालून संध्याकाळी फवारलं आणि सकाळी नवाच्या नऊ बुंध्याशी पडलेल्या पाहून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही टोचतं.

दिवाळीला भाची आली. ती वनस्पतिशास्त्र शिकते. बोलता बोलता मी तिला लिंबोणी कशी वाचवली ते सांगितलं. ती काही बोलली नाही. मोबाइलवर एक फोटो शोधून माझ्यापुढे धरला. काळ्या मखमलीवर कुणी निळी शाई सांडावी तसं तळहाताएवढं फुलपाखरू. "मावशी, त्या अळ्यांचं बहुतेक हे झालं असतं." नीलवंत. इंग्रजीत ब्लू मॉरमॉन. 2015 मध्ये महाराष्ट्राने ह्याला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, आणि असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणारी आणखीही दोन-तीन फुलपाखरं लहानपणी अशीच शिटेसारखी दिसतात, त्यामुळे ती नऊ नेमकी कुणाची बाळं होती ते आता कळायचं नाही. पण कुणाची तरी होती.

आमचं घर पुण्याच्या दक्षिणेला, सिंहगडाच्या रांगेतून खाली उतरणाऱ्या एका सोंडेच्या पायथ्याशी आहे. पाच गुंठे जागा. फूटभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. घर बांधून झालं तेव्हा बाग करून देणाऱ्या एका माणसाला आम्ही सगळं सोपवलं होतं. त्याने दोन ट्रक लाल माती पसरली, वर हिरवळीचा आयता गालिचा अंथरला, फाटकापासून पायरीपर्यंत फॉक्सटेल पाम रांगेत उभे केले, कडेने पिवळ्या ड्युरांटाचं कुंपण कातरून दिलं. आठ दिवसांत बाग तयार. फोटो सुंदर आले.

मग उन्हाळा आला. फेब्रुवारीच्या शेवटी बोअरचं पाणी उतरलं आणि हिरवळीसाठी आठवड्याला एक टँकर मागवायला लागला. खालच्या वाडीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन आमच्या फाटकासमोरून जायच्या आणि आत पाइपाने गवताला पाणी चाललेलं असायचं. त्या काही म्हणायच्या नाहीत. त्यांच्याकडे बघणं मात्र मला जमेनासं झालं.

आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. कुंपणापलीकडे कुणाचं तरी पडीक रान आहे. दगड, काटे, वाळकं गवत, वेड्यावाकड्या झुडपांची गर्दी. सकाळी व्हरांड्यात चहा घेताना बुलबुल, दयाळ, शिंपी ह्यांचे आवाज यायचे ते सगळे तिकडून. आमच्याकडे ते पक्षी यायचे फक्त नळाखाली साचलेल्या पाण्यासाठी. पाणी पिऊन परत पलीकडे जायचे. आमच्या बागेतलं एकही पान कधी कुणी खाल्लेलं नव्हतं. पामाचं नाही, ड्युरांटाचं नाही. तेव्हा ते मला बागेचं कौतुक वाटायचं.

वाडीतले आबा त्या पडीक रानात शेळ्या चारायला आणतात. सत्तरी केव्हाच ओलांडली असेल. एकदा कुंपणाशी टेकून त्यांनी विचारलं, "ताई, ही रांगंतली झाडं कशाची वं?"

"पाम आहेत आबा. शोभेचे."

"खातं का कुनी?"

"नाही."

"शेळीबी खाईना, पाखरूबी खाईना," ते पामांकडे बघत म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं.

दिवाळीत तो फोटो पाहिल्यानंतर मी आबांना म्हटलं, मला तुमचं रान दाखवा. पुढचे दोन-तीन महिने आठवड्यातून एखादी सकाळ मी त्यांच्या मागे हिंडले. जे मला आजवर 'झुडपं' ह्या एका शब्दात दिसत होतं त्याला ते एकेक करून नाव देत गेले. ही मोई, फांदी रोवली तरी जगती. हा धावडा, ह्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात. हा खैर. ही हेकळ, हिच्या काट्याला जपा. हा कुडा. हे करवंद, हे तोरण, ही अळवाची काटेरी झुडपं, भाजीचं अळू नव्हे. ही धायटी. धायटीला जानेवारीत फांदीभर लाल नळ्या लागलेल्या होत्या. आबांनी एक तोडून देठाकडून चोखली, मला एक दिली. थेंबभर गोडी. आमच्या डोक्याशी एक शिंजीर चिवचिवत होता. आम्ही त्याच्या ताटातलं खात होतो म्हणून असेल.

एका उंच झुडपाला पिळलेल्या दोरीसारख्या शेंगा लटकत होत्या. मी थबकले. ही वस्तू माझ्या ओळखीची होती. माझ्या मुलीच्या बाळगुटीत रोज एक वेढा उगाळायची ती मुरडशेंग! तेव्हा ती पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानातून पुडीत बांधून आणली होती. कुठल्या झाडाची, ते झाड कसं दिसतं, त्याला फूल येतं का, हे विचारायचं सुचलंही नव्हतं. पुढे पावसाळ्यात तिची फुलं पाहिली. विटकरी लाल फुलतात आणि शिळी होताना निळसर राखाडी होत जातात, एकाच फांदीवर दोन्ही रंग. लेकीला ज्या झाडाने पोटदुखीतून सोडवलं त्याचं तोंड मी पन्नाशीत पाहिलं.

तेव्हापासून मला एक नाद लागला आहे. गावांची नावं वाचायची. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, बाभूळगाव, जांभूळवाडी, पळसदरी, टेंभुर्णी, हिवरे, आपटा. मुंबईच्या पोटातही वडाळा आहे, चिंचपोकळी आहे. कुठल्या मातीत काय लावावं हे सांगणारी ह्याहून जुनी यादी आपल्याकडे नाही, आणि ती एसटीच्या पाट्यांवर लिहिलेली आहे. माणसं वस्ती करायला आली तेव्हा जे झाड आधीपासून उभं होतं त्याचं नाव त्यांनी गावाला दिलं. गुलमोहर नावाच्या सोसायट्या कितीतरी आहेत, पण त्या नावाचं जुनं खेडं मी ऐकलेलं नाही. गुलमोहर मादागास्करचा. चिंच मात्र ह्या यादीत घट्ट बसली आहे आणि तीही मूळची आफ्रिकेतली. इतक्या पूर्वी आली की तिच्यावर भुतंसुद्धा आपलीच राहायला लागली.

म्हणजे देशी आणि विदेशी ही रेघ मारणं दिसतं तितकं सोपं नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. कोकणात देवळापुढे वाकडातिकडा उभा असलेला देवचाफा मध्य अमेरिकेतला. मिरचीशिवाय आपलं पान हलत नाही आणि ती समुद्रापलीकडून आली. ह्यातल्या कुणालाही मला हाकलायचं नाही. माझं भांडण जो येऊन दुसऱ्याला उभंच राहू देत नाही त्याच्याशी आहे. गाजरगवत तसं. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा त्याची नोंद झाली आणि आज देशात कुठलीही उकरलेली जमीन त्याच्यावाचून नाही. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेलं गिरिपुष्प तसं. लवकर वाढतं, शेळ्यामेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, माती धरून ठेवतं, म्हणून उघड्याबोडक्या टेकड्या झाकायला ते लावलं गेलं. हेतू चांगला होता. कोकणातले शेतकरी त्याचा पाला भातखाचरात खत म्हणून घालतात तेही चांगलंच. पण त्याच्या दाट सावलीत उभं राहून खाली पाहा. मोई नाही, धायटी नाही, पावसाळ्यातली फुलणारी गवतं नाहीत.

घाणेरीबद्दल मात्र माझं मन बरेच दिवस तयार होईना. आमच्या मागच्या बांधावर तिची दाट जाळी होती आणि तिच्या फुलांवर पावसाळ्यानंतर फुलपाखरांची नुसती झुंबड. भाची म्हणाली ही काढायला हवी. मी म्हटलं, अगं, आख्ख्या बागेत फुलपाखरं येतात ती हिच्यावरच. तेव्हा तिने मला जे समजावलं त्यावरच पुढची सगळी बाग उभी राहिली.

फुलातला मध बहुतेक फुलपाखरांना कुठलाही चालतो, ती म्हणाली. गावाकडचं फूल असो की परदेशी. पण अळीचं तसं नसतं. प्रत्येक झाड आपलं पान वाचवण्यासाठी त्यात काहीतरी कडू, चिकट, विषारी घालून ठेवतं. लाखो वर्षं एकत्र राहून एकेका फुलपाखराच्या पिढ्यांना एकेका झाडाचं विष पचवायची सवय झालेली असते. म्हणून बहुतेक अळ्या आपापल्या दोन-चार झाडांचीच पानं खाऊ शकतात. दुसऱ्या पानावर ठेवल्या तर उपाशी मरतात. मादीला हे कळतं. ती मध कुठेही पिते, पण अंडं घालायला पानावर पायांनी थापटून, चव घेऊन, हेच आपलं झाड ही खात्री करून घेते. समुद्रापलीकडून काल-परवा आलेल्या झाडाचं पान पचवायला आपल्याकडच्या फारच थोड्या अळ्या शिकल्या आहेत. पानाला भोक नाही ह्याचा अर्थ ते पान इथल्या कुणाच्या ओळखीचं नाही.

आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. शेजारी बसून मोड आलेले वाल सोलत होती. तिचं सगळं आयुष्य राजापूरकडे गेलेलं. परातीतून मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे बायकांसारखंच की. जेवायला कुठेही जावं, बाळंतपणाला माहेरीच यावं."

मी आणि भाची एकमेकींकडे बघत राहिलो. शिकण्यासारखं सगळं त्या एका वाक्यात आलं होतं.

त्या पावसाळ्याआधी हिरवळ उचलली. खाली लाल माती, तिच्याखाली आमचा मुरूम. मेमध्ये दोन बाय दोनचे खड्डे घेतले, त्यात पालापाचोळा आणि शेणखत भरलं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याची वाट पाहिली. घाणेरी मुळासकट काढली, पण एकदम नाही. तीन वर्षांत, तुकड्या-तुकड्याने, एकीकडे निर्गुडी, अडुळसा आणि करवंदाची जाळी वाढेल तशी. पक्षी त्या जाळीत घरटी करत होते. त्यांना एका दिवसात बेघर करून पुन्हा वर निसर्गप्रेमी म्हणवून घेणं मला बरं दिसेना.

रोपं मिळवणं हेच मोठं काम निघालं. एका रोपवाटिकेत मी सीतेचा अशोक मागितला. त्यांनी दिलेलं रोप चार वर्षं वाढवलं आणि ते सरळसोट, लांब लहरी पानांचं आसुपालव निघालं. बहुतेक इमारतींपुढे असतं ते. खरा अशोक डेरेदार होतो, त्याला खोडाफांद्यांवर केशरी फुलांचे गेंद येतात, आणि रानात आता तो दुर्मीळ होत चालला आहे. मला वाईट वाटलं. पण त्या आसुपालवाची कोवळी पानं एका भाद्रपदात खाल्लेली दिसली आणि काही आठवड्यांनी काळ्या पंखांवर हिरव्या टिकल्यांची फुलपाखरं, टेल्ड जे, त्याच्याभोवती भिरभिरायला लागली. ती सोनचाफ्यावरही वाढतात, सीताफळावरही. आता आसुपालवही राहिलं आहे आणि शेजारी खरा अशोकही आहे, अजून माझ्या खांद्याला लागलेला नाही.

बाकीची बरीचशी झाडं आम्ही बियांपासून केली. बहाव्याच्या हातभर काळ्या शेंगा फोडल्या की आत चिकट गर आणि पैशासारख्या रचलेल्या बिया. नुसत्या पेरल्या तर महिनोन्महिने तशाच पडून राहतात, इतकं कवच कठीण. आबांनी सहाणेवर घासून, रात्रभर पाण्यात भिजत घालायला सांगितल्या. पंधरवड्यात कोंब. पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाशी रोवली ती लागली. पळसाचं बी मात्र जागच्या जागीच टाकलं. त्याला पिशवीत वाढवून हलवलेलं आवडत नाही, मूळ सरळ खाली पळतं. पळसाने आमची परीक्षा पाहिली. पहिल्या उन्हाळ्यात रोप जमिनीपर्यंत वाळलं. मी ते मेलं असं समजून त्या जागी दुसरं लावायला खड्डा घेणार होते. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, खाली हाय तो." जूनमध्ये पुन्हा फुटला. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा वाळला. तिसऱ्या वर्षानंतर टिकला. आता माझ्या उंचीचा आहे, फूल अजून नाही, पण मोठमोठी तीन-तीन पानं मिरवतो.

ज्यांना आठ दिवसांत बाग हवी त्यांना हे सांगणं अवघड जातं. आमच्या बागेकडे मार्चमध्ये पाहिलं तर कुणीही विचारतं, वाळली का? करवंद आणि अडुळसा हिरवे असतात, पण मोई, कुडा, बहावा, पळस सगळे पानं गाळून उभे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं अशा मुलखात पान टाकून देणं हाच शहाणपणा आहे. पानांवाटे पाणी उडून जातं. ज्या झाडाला हे ठाऊक आहे त्याला मला टँकर लागत नाही. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला एकेक बादली घातली, पाचोळा एका जागी ओढून मुळांवर पांघरला. तिसऱ्या वर्षापासून मोठ्या झाडाझुडपांना पाणी बंद. खत नाही, औषध तर नाहीच. पाइप आता फक्त भाजीच्या वाफ्यांना आणि कुंड्यांना लागतो.

आणि वाळलेल्या दिसणाऱ्या त्या दिवसांतच खरी जेवणावळ असते. फेब्रुवारीत पलीकडच्या रानातली काटेसावर फुलते, एकही पान नाही, नुसते लाल जाड पाकळ्यांचे वाडगे. एका सकाळी मी खुर्ची टाकून बसले. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, कावळे आले, चष्मेवाल्यांची टोळी आली, शिंजीर तर होतेच. खाली पडलेली फुलं खायला खारी आणि आबांच्या शेळ्या. पांगारा त्याच सुमाराला, पळस मागोमाग. दुसरीकडे खायला फारसं नसताना ही झाडं दार उघडतात. मग एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस आणि त्यावर निळसर काळे मोठे भुंगे. ते फुलाला धरून अंग थरथरवतात तेव्हा पराग सुटतात. त्याच सुमाराला ताम्हण, आपलं राज्यफूल, जांभळं-गुलाबी. ताम्हणाला मात्र पाण्याची ओढ असते. ते आम्ही न्हाणीघराच्या पाण्याच्या वाटेवर लावलं आहे आणि ते खूश आहे.

पक्ष्यांचं आणखी एक गणित मला फार उशिरा उलगडलं. बुलबुल फळं खातो, शिंजीर मध पितो, हे आपण पाहतो. पण घरट्यातल्या पिल्लाला वाढायला किडे लागतात, अळ्या लागतात. त्या मऊ असतात, गिळायला सोप्या. शिंपी पक्ष्याची जोडी आमच्या उंबराच्या रोपावर दोन पानं शिवून घरटं करून राहिली होती. सकाळी अर्ध्या तासात त्यांनी चोचीत काहीतरी धरून किती खेपा केल्या ते मोजायला बसले आणि मोजणं सोडून दिलं. ज्या बागेत पानं शाबूत आहेत तिथे ह्या जोडीने काय आणलं असतं? मागच्या बांधावरची घाणेरी सोडली तर सुरुवातीची तीन वर्षं आमच्या बागेत एकही घरटं का नव्हतं त्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आता कुठलंही पान खाल्लेलं दिसलं की मी आधी उलटून बघते. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या हिरव्या अळ्या असतात. बहाव्याच्या पोपटी कोवळ्या पानांवर कॉमन एमिग्रंटच्या. वडाच्या रोपावर काळ्या-तपकिरी क्रो फुलपाखराचा कोष लटकला होता, चांदीचा डूल कुणी अडकवून विसरून गेल्यासारखा लखलखीत. सापसंदेचा वेल मुद्दाम लावला तो कॉमन रोज आणि क्रिमझन रोजसाठी. त्या अळ्यांना ह्या कुळाबाहेरचं काही चालतच नाही. आंब्यावर बांडगूळ आलं तेव्हा माळीदादा कोयता घेऊन आले. आंब्याच्या एका फांदीवरचं बांडगूळ मी ठेवून घेतलं, कारण हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराचं बाळंतपण त्याच्याच पानांवर होतं आणि त्याची चिकट फळं खाऊन बी फांदीफांदीवर पुसत हिंडणारा इवलासा फुलटोचा पक्षी आमच्याकडे त्यामुळेच येतो. बाकीची बांडगुळं काढू दिली. आंब्याचाही विचार करायला हवा.

लिंबोण्या आता दोन आहेत. एक आमची, एक त्यांची. त्यांच्यावरच्या अळ्यांना मी हात लावत नाही, आमच्यावर सापडलेल्या उचलून तिकडे नेऊन ठेवते. त्यांची लिंबोणी श्रावणात बोडकी होते आणि दिवाळीपर्यंत पुन्हा भरते. कोवळी पानं एकदा खाल्ल्याने झाड मरत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, किंवा मी कुणाला विचारलं असतं, तर.

एक सांगायला हवं. देशी म्हटलं की कुठेही, कसंही लावावं असं नाही. सातवीण अस्सल आपली. पण शहरांत रस्तेच्या रस्ते तिच्या एकटीच्या रांगांनी भरले आणि ऑक्टोबरच्या रात्री तिच्या उग्र वासाने माणसं खिडक्या लावून घेतात. रानात ती शंभर झाडांत एक असते. कळलावीचं फूल ज्वाळेसारखं देखणं, पण तिचा कंद जीव घेऊ शकतो. नातवंडं रांगत्या वयाची होती तोवर मी ती बागेत आणली नाही. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. आणि कोकणातलं कोकम आमच्या मुरमावर जगलं नाही. दोनदा लावलं. आईला त्याच्याखाली बसायचं होतं म्हणून लावलं होतं. ते झाड सह्याद्रीचं असलं तरी घाटाखालचं, मुबलक पावसाचं. पन्नास-साठ किलोमीटरमध्ये माहेर बदलतं, हे मला त्या दोन वाळलेल्या रोपांनी शिकवलं.

भोरकडे एक देवराई आहे तिथे आम्ही तिघी गेलो होतो, आई, मी, भाची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि जगाला त्यांची ओळख करून दिली. भाची ते सगळं सांगत होती. आई अनवाणी चालत होती. आत शिरल्यावर अंगाला गारवा लागला. पायाखाली हातभर कुजलेला पाला, वर हत्तीच्या सोंडेएवढे गारंबीचे वेल ह्या झाडावरून त्या झाडावर गेलेले, त्याची तलवारीएवढी शेंग. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. भाचीने एक पान उचलून दाखवलं, चाळणीसारखं झालेलं. मी वर पाहिलं. उन्हाचे कवडसे ज्या पानांमधून येत होते ती जवळजवळ सगळीच कुरतडलेली होती, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सर्वात हिरवं रान ते होतं.

यंदा गणपतीला आईने पत्रीची यादी लिहायला बसवलं. एकवीस नावं तिला तोंडपाठ. मंडईत मिळते ती पत्रीची जुडी तिला मान्य नाही. त्यात कशाचीही पानं असतात म्हणते, आणि दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्या खपतात तसंच हे. मग आम्ही दोघी सकाळी टोपली घेऊन बागेत निघालो. ती नाव घ्यायची, मी शोधायची. दूर्वा, तुळस, बेल, शमी. आघाडा आणि माका मी कधी लावले नव्हते. तण म्हणून उपटायचं थांबवलं तेव्हा आपोआप आले. बोर कुंपणाला. डोरली पायवाटेच्या कडेला, काट्यांसकट. धोत्रा मोरीमागे. डाळिंब, कण्हेर, जाई, मरवा, पिंपळ, हादगा, आणि आणखी दोन. केवडा नाही, आपल्याकडे होणार नाही. देवदार हिमालयात. अर्जुनाचं रोप गेल्या वर्षीच लावलंय, त्याची तीनच पानं होती, आई म्हणाली त्याला राहू दे. तरी सतरा झाली.

"रुई राहिली," ती म्हणाली.

रुई फाटकाशी आहे, पामांच्या जागी. मी एक बरं पान धरलं आणि सवयीने उलटं केलं. मागे एकच अंडं होतं, मोहरीहून बारीक, दुधी. प्लेन टायगर हे फुलपाखरू एका पानावर बहुधा एकच घालतं. आईला चष्मा लावून दाखवलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"हे नको," ती म्हणाली. "ते पलीकडचं तोड."

पलीकडच्याला कडेला दोन भोकं होती. मी विचारलं, चालेल का पूजेला? तिने टोपली पुढे केली.